किडनी तेवढी माझी

लघवीच्या तपासणीला लोक बाटली रुमालात, पिशवीत, जमेल तिथे लपवून आणतात. लॅबमधल्या बाईही मान वर न करता सांगतात, “ठेवा तिकडे ट्रेमध्ये.” आज मात्र एक आजी एक हात कमरेवर दाबत, दुसऱ्या हातात बाटली पेटत्या दिव्यासारखी जपत आल्या.

“अहो आजी, पिशवीत घालून तरी आणायची!”

“लपवू कशाला? तीन वर्षं डायलिसिसवर काढली, एक थेंब होत नव्हता. आज एवढी झाली, बघा!”

बाईंनी लेबल पुढे ओढलं. “नाव सांगा तुमचं.”

“नाव सुनेचं लिहा,” कमरेवरचा हात तसाच ठेवून आजी म्हणाल्या. “किडनी तेवढी माझी आहे.”

बाई उठून उभ्या राहिल्या. बाटली त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.