फळीवरचा बिल्ला

स्क्रीनवर चौदावं नाव हिरवं झालं. ग्लेनची अख्खी टोळी खाणीतून वर आली होती. पाळी बदलताना खाण रिकामी करायची आणि सुरुंग उडवायचे, ही ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीची रोजची रीत. बटण दाबायचं काम मुकादमाचं, म्हणजे ग्लेनचं.

पूर्वी बटणाआधी तो भिंतीवरची फळी बघायला जायचा. खाली उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला तिथल्या खिळ्याला अडकवायचा, वर आल्यावर काढायचा. एक जरी बिल्ला लटकत असला तरी सुरुंग नाही. मग स्क्रीन आली. तिच्यावर सगळ्या खाणीची नव्वद नावं दिसायची आणि ग्लेनचं डोकं फिरायचं.

"ऑफिसातल्या लोकांशी मला काय देणंघेणं?" त्याने कॉम्प्युटरवाल्या जोएलला झापलं. "माझी माणसं तेवढी दाखव ना, बाबा!"

जोएल गुणी पोरगा. त्याने ज्याला हवी तशी स्क्रीन करून दिली. मुकादमाला त्याची टोळी, खाली उतरून बोगद्यांची मापं घेणाऱ्या मोजणीवाल्यांना त्यांची माणसं. ग्लेनने खूश होऊन त्याला बिअर पाजली. फळीकडे जाणंही हळूहळू सुटलं. सोय झाली की माणूस आळसावतोच.

टोळीतला म्हातारा बार्नी तेवढा हट्टाने बिल्ला लावायचा. "काय बार्नी, म्युझियम चालू आहे ना तुझं?" ग्लेन त्याला चिडवायचा.

आज ग्लेनला घरी जायची घाई होती. त्याची मुलगी टेगन मोजणी खात्यात होती. तिची आज सुट्टी, आणि ती त्याच्यासाठी मटण भाजणार होती.

त्याने बटण दाबलं. पायाखालची जमीन हादरली. टेबलावरचे कप खुळखुळले.

तेवढ्यात बार्नी धापा टाकत दारात आला. स्वतःचा बिल्ला काढायला तो फळीपाशी गेला होता.

"ग्लेन! दुपारी मोजणीतला सायमन आजारी पडला. त्याच्या जागी टेगनला बोलावलं होतं. ती वर आली का रे?"

ग्लेनने स्क्रीनकडे पाहिलं. चौदा नावं, चौदाही हिरवी. टेगनचं नाव मोजणीच्या स्क्रीनवर होतं, आणि मोजणीचं ऑफिस पाचलाच बंद झालं होतं.

तो फळीकडे धावला. एकच बिल्ला लटकत होता. टेगनच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यानेच तो तिच्या हातात ठेवला होता. "हा लावल्याशिवाय खाली उतरायचं नाही, पोरी," तो म्हणाला होता. "हा इथे लटकतोय तोवर तुझा बाप बटण दाबणार नाही."