चौथं अ‍ॅपही नापास

पडद्यावर पुन्हा लाल रेघा उमटल्या. एक नाही, दोन नाही, अख्खा परिच्छेद लालेलाल. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "हेही गेलं कामातून! तुमच्या वाचनात चुका काढतंय म्हणजे याचे कानच फुटलेत."

समोर बसलेले त्यांचे यजमान नुसते पडद्याकडे बघत राहिले.

बाईंची सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर गेली. निवृत्त झाल्या तरी मुलांना वाचायला शिकवायची खोड काही गेली नाही. आता एका संस्थेतर्फे, बिनपगारी आणि हौसेने, त्या परदेशी निघाल्या होत्या. कामधंद्यासाठी तिकडे जाऊन राहिलेल्या कुटुंबांतली मुलं घरात आपली भाषा फाडफाड बोलायची, पण वाचायचं म्हटलं की त्यांची बोबडी वळायची. त्यांच्यासाठी चांगलं वाचनाचं अ‍ॅप निवडायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं होतं. मुलाने मोठ्याने वाचायचं, अ‍ॅपने ऐकायचं आणि चुकलेल्या किंवा गाळलेल्या शब्दांखाली लाल रेघ ओढायची, अशी ही अ‍ॅप्स.

ती पारखायची बाईंची रीत साधी होती. यजमान रेडिओवर बातम्या वाचायचे. उभ्या हयातीत त्यांचा एक शब्द घसरला नव्हता. तेव्हा त्यांनी गोष्ट वाचायची, आणि अ‍ॅपने त्यात चूक काढली की अ‍ॅप नापास. बाई तोवर पलीकडे बॅग भरत असायच्या, पण कान इकडेच असे. आवाज तसाच भरदार, कुठे अडखळणं नाही. आणि येऊन बघावं तर पडदा लाल. अशी तीन अ‍ॅप्स त्यांनी निकालात काढली होती. यजमानही कधी कंटाळले नाहीत. जेवण आटोपलं की स्वतःच म्हणायचे, "आण तुझं ते यंत्र."

तसं बाईंना धास्तावायला कारणं काय कमी होती? जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता. परक्या विमानतळावर हरवलो तर? बॅग भलत्याच देशात गेली तर? तिकडे जाऊन अंथरूण धरलं तर? पासपोर्ट जागेवर आहे ना, हे त्या येता-जाता चाचपून बघत. घरी यजमान एकटे राहणार, याची मात्र त्यांना बिलकूल काळजी नव्हती. ते सगळं निभावून नेणारे होते.

संस्थेच्या मॅडमचा फोन आला. "बाई, अजून ठरलं नाही? सगळे शिक्षक तुमच्यासाठी थांबलेत."

"ठरणार कसं? एकही धड नाही. खुद्द बातम्या वाचणाऱ्या माणसाच्या चुका काढतात!"

"तुम्ही स्वतः वाचून बघितलंत का?"

हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

फोन ठेवून त्यांनी तीच गोष्ट वाचली. एका शिंप्याची आणि त्याच्या हट्टी बकरीची. सर्दीने घसा बसलेला, मध्येच खोकल्याची उबळ. पडद्यावर सगळं हिरवंगार. मग त्यांनी मुद्दाम एक ओळ गाळली. नेमकी तेवढीच लाल झाली.

बॅग तशीच उघडी टाकून बाई यजमानांशेजारी येऊन बसल्या.

"पुन्हा एकदा वाचता का?"

पहिलीतल्या पोराजवळ बसावं तसं त्यांनी शब्दाशब्दाखाली बोट धरलं. ते वाचू लागले. शिंपी बाजारात गेला, बकरी दाराशी उभी राहिली, शेजारणीने तिला पाला घातला. वाक्यं कशी गोळीबंद. पण बाईंच्या बोटाखाली बाजार नव्हता, शेजारीण नव्हती, पालाही नव्हता. पडद्यावरची बकरी केव्हाच छपरावर चढून बसली होती. बातमीचा कागद उशिरा आला तरी वेळ मारून नेणारा हा माणूस, गोष्टसुद्धा तशीच मारून नेत होता.

रोज सकाळी चहा होईस्तोवर ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे. त्यातलं छापलेलं किती असायचं?

"अहो," बाईंनी पडद्यावरून बोट उचललं, "कधीपासून हे?"

यजमानांनी मान खाली घातली. "झाले बरेच महिने. अक्षरं दिसतात गं. स्वच्छ दिसतात. पण ती काय म्हणतायत ते उमगत नाही. परवा तर घरी येताना आपली गल्लीच..." रेडिओवर कधी न थांबलेला माणूस वाक्याच्या मधोमध थांबला. त्याला भीती वाटत होती, आणि ती आता लपत नव्हती.

"मग बोलला का नाहीत? मी चालले होते तुम्हाला एकट्याला टाकून!"

त्यांनी बाईंचा हात घट्ट धरला.

"माझ्या तोंडून निघेना. म्हटलं, तू जायच्या आत यंत्रच सांगेल तुला, म्हणून रोज वाचायला बसत होतो. तर तू एकेका यंत्रालाच खोटं पाडत सुटलीस."