खुर्चीला तीन गिऱ्हाइकं

दुकानात आता फक्त खुर्ची उरली होती. आरसे गेले, कात्र्यांचा डबा गेला, भिंतीवरचे केशरचनांचे फोटोही सोलून झाले. खिडकीच्या कट्ट्यावर न्हावी मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. बायको फरशी झाडत होती. तिचा धाकटा भाऊ पान्हा घेऊन खुर्चीखाली आडवा झाला होता, कारण खुर्ची बोल्टांनी जमिनीत जखडलेली होती. संध्याकाळी दुकानाची किल्ली मालकाच्या हातात द्यायची होती.

भंगारवाला हातगाडी लावून दारात उभा होता. त्याला घाई नव्हती. शेवटी आपल्यालाच आत बोलावतात, हे त्याला ठाऊक होतं.

"या शौकीनचं काही खरं नाही," न्हावी म्हणाला.

शौकीन हे लिलावातलं नाव. ऑनलाइन लिलावात खुर्चीवर सगळ्यात वरची बोली याची लागली, आणि तेव्हापासून हा पठ्ठ्या मूग गिळून बसला होता. पैसे नाहीत, उत्तर नाही. न्हाव्याने त्याला आधी गोड भाषेत लिहिलं, मग कडक, आणि आज सकाळी वैतागून लिलाववाल्यांकडे तक्रारच ठोकली. पैसे बुडाल्याचं दुःख होतंच. पण हात थरथरायला लागल्यापासून त्याच्या मनात एकच होतं: आपण थांबलो तरी खुर्ची थांबू नये. कुठल्या तरी दुकानात तिच्यावर माणसं बसावीत. भंगारात जाऊ नये.

"निर्लज्ज माणूस! घ्यायची ऐपत नाही, तर बोली कशाला लावावी?"

खुर्चीखाली पान्हा कुरकुरला.

"सोडा हो आता," बायको म्हणाली. "कशाला डोक्याला ताप करून घेता?"

"सोडतो कसला! त्याची मुदत संपली. आता दोन नंबरच्या बोलीवाल्याला विचारता येतं. हे बघ, दाबलं बटण."

कट्ट्यावरच्या बायकोच्या पिशवीत टिंग वाजलं.

न्हाव्याने पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती झाडायची थांबली होती.

"एकच बोली पडून होती हो," ती म्हणाली. "तीही किती कमी. तुम्ही सारखं उघडून बघायचात आणि तोंड पाडून बसायचात. मला बघवेना. म्हटलं, थोडी वर ढकलावी. मग हा शौकीन आला. मी चढवली की तो चढवायचा. तुम्ही इतके खुलला होतात! म्हटलं, पैसेवाला दिसतोय, घेऊ दे खेचून. शेवटी मलाच भीती वाटली, आपल्याच गळ्यात पडली तर? म्हणून थांबले."

खुर्चीखाली पान्ह्याचा आवाज बंद झाला.

न्हाव्याला कळायला वेळ लागला नाही. "बाहेर ये रे," तो म्हणाला.

मेहुणा सरपटत बाहेर आला. कपाळाला ग्रीस लागलं होतं. तो बोलला ते बहिणीशी, न्हाव्याकडे बघायची त्याची छाती नव्हती. "ताई, तू होतीस होय? मला वाटलं, कुणी मोठी पार्टी आहे." मग खाली बघून म्हणाला, "मी थांबणारच होतो, भाऊजी. अजून एक बोली आली की थांबणार होतो. ती आलीच नाही. आणि तुम्ही पेढे वाटल्यासारखे सगळ्यांना सांगत सुटलात. कुठल्या तोंडाने बोलू?"

न्हावी हसायला लागला. इतका हसला की दारातला भंगारवालाही काही न कळता हसला. मग हसता हसता त्याला आठवलं, आणि त्याने पुन्हा मोबाइल उचलला. तिसरी बोली होती. म्हणजे पहिली, ती पडून राहिलेली. त्या माणसाचं नावही त्याने कधी नीट वाचलं नव्हतं. तुमच्याच किमतीत घेऊन जा, असं त्याने लिहिलं आणि खाली आपला नंबर दिला.

लगेच फोन आला. एका मुलीचा आवाज होता, मागे केस वाळवायचं मशीन घोंघावत होतं.

"काका, आता विचारताय? मला तुमचीच हवी होती हो. नवीन पार्लर टाकलंय. मान टेकवायची तशी उशी हल्ली कुठे मिळते? पण तिथे मोठमोठी माणसं भांडत होती, त्यात माझा काय पाड लागणार? शेवटी दुसरी घेतली. साधीच आहे."

"बरं केलंस," न्हावी म्हणाला. "दुकान चांगलं चालू दे."

फोन ठेवल्यावर कुणी कुणाकडे बघितलं नाही. बायको झाडलेलीच जागा पुन्हा झाडू लागली. न्हाव्याने भंगारवाल्याला मानेनेच आत बोलावलं.

शेवटचा बोल्ट सुटला. तिघांनी मिळून खुर्ची उचलली तेव्हा बुडाखाली चिकटून राहिलेले केस दिसले. किती जुने असतील कोण जाणे.

"गादी काढून ठेवा," भंगारवाला म्हणाला. "मला लोखंडच लागतं."

न्हाव्याने खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि गिऱ्हाईक बसायच्या आधी झटकायचा तसा गादीवर दोनदा झटकला. मग स्वतःच स्क्रू काढले.

हातगाडी रस्त्याला लागली तेव्हा टिंग वाजलं. तिघांनीही आपापला मोबाइल बघितला. वाजला होता न्हाव्याचा. त्याने मोठ्याने वाचलं.

"आपली तक्रार मान्य झाली आहे. शौकीन हा खरेदीदार यापुढे आपल्या कोणत्याही वस्तूवर बोली लावू शकणार नाही."

रिकाम्या दुकानात मेहुणा गादी पोटाशी धरून उभा होता.

"चला," न्हावी म्हणाला, "एक काळजी मिटली."