बाग बघायचा महिना
"द्राक्षांची बाग माझ्या नावावर आहे, वहिनी, आणि मी ती विकणारच. गिऱ्हाइकाला दाखवायला कधी आणू?" दिराने मिलानहून फोनवर विचारलं.

ऑक्टोबरात वेली तांबूस-सोनेरी होतात, बघणारा भुलतो. इतकी वर्षं ती बाग कसणारी ओर्नेला म्हणाली, "फेब्रुवारीत आणा, भावोजी." शहरी माणूस पानं झडलेले नुसते खुंट बघून पळेल, असं तिला वाटलं.

फेब्रुवारीत इटलीतल्या लांगेच्या टेकड्या बर्फाने पांढऱ्या झाल्या होत्या. दिराच्या गाडीतून उतरलेलं गिऱ्हाईक मात्र होतं शेजारच्या खोऱ्यातला म्हातारा द्राक्षबागायतदार. म्हाताऱ्याने चहूकडे नजर फिरवली आणि बागेच्या उतारावरच्या ओल्या, उघड्या मातीवर बूट आपटला.

"बर्फ फक्त इथलाच वितळलाय. म्हणजे सगळ्यात जास्त ऊन इथेच. बर्फ नसताना हे कुठलं कळायला! अगदी वेळेवर आणलंत."

"वहिनींना विचारूनच आणलं," दीर म्हणाला.