जाड पायांचा घोडा

सैनिकाच्या घणाच्या पहिल्याच घावात दगडी राजाचं मुंडकं उडालं. जर्मन अधिकाऱ्याने पिस्तुलाचा दस्ता म्हाताऱ्या व्होयतेखच्या तोंडावर हाणला. "उरलेले तू फोड. तुझंच पाप आहे हे!"

बारा वर्षं खपून व्होयतेखने रेताड दगडाच्या या गुहेत चेक मुलखाचे जुने राजे आणि स्वार कोरले होते. देशावर मरणाचं संकट आलं, की डोंगराच्या पोटात झोपलेले हे स्वार जागे होतात, असं त्याची आजी सांगायची. आज सकाळी त्याच्या लेकाला चर्चच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या, तेव्हा तर एकही जागचा हलला नव्हता.

रक्त थुंकून त्याने घण उचलला. अधिकाऱ्याने गुहेच्या मधोमध छताला भिडून उभ्या घोडेस्वाराकडे बोट केलं. "हा घोडा आहे की हत्ती? पाय तरी धड कोरायचेस!"

त्या जाड पायांना सारं गावही हसायचं. पण खाणीत हयात गेलेल्या व्होयतेखला ठाऊक होतं, वरचा अख्खा डोंगर त्या चार पायांनीच पेलला होता.

"साहेब, तुमची सगळी माणसं आत बोलवा," तो म्हणाला. "हा पडताना सगळ्यांनी बघावा."

सगळे खिदळत आत आले. तीन पाय तुटले. छतातून भुरुभुरु वाळू गळू लागली, तसा अधिकारी ओरडला, "थांब!"

व्होयतेखने मान वर करून स्वाराकडे पाहिलं. "ऊठ रे बाबा आता," तो म्हणाला आणि चौथ्या पायावर त्याने घण घातला.