यादीतली जादा पोरगी

रेणुकाने ‘गोजर’ हे नाव तिसऱ्यांदा शोधलं, आणि तिसऱ्यांदाही ते दोनदा आलं.

पिंपळगाव राजाच्या शाळेत ती दिवाळीनंतर कारकून म्हणून रुजू झाली होती. दहावीला बसणाऱ्यांची यादी आज पाचच्या आत बोर्डाला जायची होती. एक नाव चुकलं तर त्या लेकराचं वर्ष बुडालं, असं बजावून मुख्याध्यापक मलकापूरला मीटिंगला गेले होते आणि फोन बंद करून बसले होते.

आधी शिकणाऱ्यांची यादी वेगळी असायची, शाळा सोडलेल्यांची वेगळी. संगणक शिकवणाऱ्या विहंग सरांनी कालच दोन्हींचा शोध एकत्र करून दिला होता. नाव टाकलं की नवं-जुनं सगळं समोर हजर. सर स्वतःवरच इतके खूश झाले की अख्ख्या स्टाफला कचोऱ्या खाऊ घातल्या.

आता मात्र त्यांनी डोकं खाजवलं. जुन्या यादीत गोजर होती, १९८३ साली सातवीतून शाळा सोडलेली. यंदाच्या दहावीतही तीच गोजर, बाहेरून बसणारी. जन्मतारीख दोन्हीकडे एकच, १९७० सालची.

“जुनं नव्यात सांडलं वाट्टे,” सर म्हणाले. “काढून टाका.”

तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या सरस्वतीबाई दारातून डोकावल्या. यादी गेली काय, हे त्या सकाळपासून चौथ्यांदा विचारत होत्या. रेणुकाला त्यांचं कौतुक वाटलं. पोरांना रोज जेवू घालणाऱ्या बाईला त्यांच्या परीक्षेचीही काळजी असणारच.

तिने यंदाच्या यादीतली गोजर पुसली. साडेचार वाजले होते. सरस्वतीबाई चहा घेऊन आल्या, तेव्हा यादी पाठवायला फक्त एक बटण दाबायचं राहिलं होतं. रेणुकाच्या जिवात जीव आला होता.

“मावशी, आज गंमतच झाली,” ती म्हणाली. “पंचावन्न वर्षांची एक पोरगी दहावीले बसून राह्यली होती. आत्ताच काढली.”

विहंग सर पोट धरून हसले. सरस्वतीबाईही हसल्या. मग चहाचा कप टेबलावर ठेवून, पदराला हात पुसत म्हणाल्या,

“मंग परत लिहा म्याडम. लग्नाच्या पयले माह्यंच नाव गोजर होतं.”