तिसऱ्या कॅफेतली बशी

तिसऱ्या कॅफेत बसल्यावर गौरवीच्या डोक्यात उजेड पडला. सासूबाईंनी सकाळपासून एकदाही मेनूकार्ड उघडलं नव्हतं.

बोली साधी होती. पार्से तिठ्यावरच्या त्यांच्या भाजीपावाच्या हॉटेलामागची खोली गौरवीला ब्रंच कॅफेसाठी हवी होती. मोपा विमानतळाची गिऱ्हाइकं दारावरून जातात, ती थांबवायची, एवढाच तिचा हट्ट. त्या हॉटेलात सत्तावीस वर्षं पातळभाजीचं टोप चढवणारी तिची सासू प्रभावती म्हणाली होती, "पणजेचे तीन कॅफे दाखव. पटलां तर चावी देतंय. नाय तर परत हो विषय काढूचो नाय."

"ब्रंच म्हणजे किते गो?" पहिल्याच कॅफेत तिने विचारलं.

"नाश्ता आणि जेवण एकत्र, आई."

"म्हणजे उशिरा उठणाऱ्यांचो नाश्तो."

गौरवी दिवे, खुर्च्या, कॉफीचं मशीन फोनमध्ये टिपत राहिली. प्रभावती मात्र प्रत्येक ठिकाणी स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसली आणि आत परतणाऱ्या बश्या बघत राहिली. एकदा तर उठून बशीमागोमाग निघाली. वेटरने अदबीने बेसिन दाखवलं. तिने निमूट हात धुतले आणि येताना खबर आणली, "दोन टेबलांवरचो पाव तसोच परत गेलो."

दुसऱ्या कॅफेत पालापाचोळा परत गेला. सॅलड, गौरवीने सांगून पाहिलं.

आता तिसरा, शेवटचा. आणि समोर गौरवीचीच बशी. भाजलेल्या जाड पावावर ॲव्होकाडोचा लगदा, वर अंडं. अंडं गेलं, लगदा गेला. पाव उरला. त्याचे काठ नारळाच्या करवंटीशी पैज लावणारे. प्रभावती त्या काठांकडे बघत होती.

गौरवीने ओढणी मागे टाकली, पाण्याचा घोट घेतला आणि एक तुकडा मोडला. मग दुसरा.

"ऱ्हवांदी गो. दात पडतलो."

"आवडलाय मला."

"दिसता."

जबडा दुखायला लागला. डोळ्यांत पाणी आलं. तिने शेवटच्या तुकड्याने बशी आरशासारखी पुसली आणि तो तोंडात कोंबला.

प्रभावतीने ती रिकामी बशी स्वतःकडे वळवून पाहिली. मग पर्समधून चावी काढून तिने त्या लख्ख बशीत ठेवली.

"गिऱ्हाईक काय असां दातओठ खावन खावचां नाय. पण धंदो करणारी अशीच व्हयी. पाव तेवढो आपल्या पोदेराच्या भट्टीतलो घे."

तेवढ्यात वेटर बशी उचलायला आला. गौरवीने दोन्ही हात बशीवर आडवे घातले. बोलता येईना, घास अजून तोंडातच होता.